अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठीची आपत्ती मदत

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात दुष्काळ, अतिवृष्टी, पूर, गारपीट इत्यादींमुळे शेती व पशुधनाची हानी झाल्यास शासन बाधित शेतकरी व पशुपालकांना आपत्ती मदत देते. व्यवहारात तिला 'नुकसानभरपाई' म्हटले जात असले, तरी पिकांसाठीची मदत शासकीय परिभाषेत 'निविष्ठा अनुदान' असते. म्हणजे ती बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई नसून पुढील हंगाम उभा करण्यासाठीचे साहाय्य असते. पीक विमा योजना यापेक्षा वेगळी आहे.

पार्श्वभूमी

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीचा भरपूर पाऊस पडतो, तर पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेत येतात. ब्रिटिश काळात आपद्‌ग्रस्तांना मुख्यतः तगाई, म्हणजे परतफेडीचे सरकारी कर्ज, मिळत असे. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी आधार दिला. २०१८-१९च्या दुष्काळात जिल्ह्यात मोठ्या संख्येने चारा छावण्या उघडण्यात आल्या.

निकष व दर

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये स्थापन झालेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ही मदत दिली जाते. महाराष्ट्रासाठी या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान होणे आवश्यक असते. २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठीचे दर असे:

• जिरायत पिके : हेक्टरी ८,५०० रुपये
• बागायत पिके : हेक्टरी १७,००० रुपये
• बहुवार्षिक पिके : हेक्टरी २२,५०० रुपये
• गाय किंवा म्हैस : प्रत्येकी ३७,५०० रुपये
• शेळी किंवा मेंढी : प्रत्येकी ४,००० रुपये

पिकांसाठी २ हेक्टरची मर्यादा आहे. राज्य शासन स्वतःच्या निधीतून वाढीव मदत देऊ शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या विशेष पॅकेजमध्ये ही मर्यादा ३ हेक्टर करण्यात आली आणि रब्बी हंगामासाठी हेक्टरी १०,००० रुपयांची जादा मदत देण्यात आली.

कार्यपद्धती

तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक संयुक्तपणे पंचनामा करतात. तहसीलदारांकडून जिल्हाधिकारी व नाशिक विभागीय आयुक्तांमार्फत मागणी शासनाकडे जाते. शासन निर्णयाद्वारे निधी मंजूर झाल्यावर रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. ई-केवायसी किंवा आधार जोडणी अपूर्ण असल्यास रक्कम अडकते.

मर्यादा

मदत सातबारा उताऱ्यावरील नोंदीशी जोडलेली असल्याने तोंडी कराराने शेती कसणारे बटाईदार बहुधा तिच्यापासून वंचित राहतात. सामाईक खात्यांत सहहिस्सेदारांची संमती आवश्यक ठरते. डिसेंबर २०२१ मधील अवकाळी पाऊस व थंडीने पारनेर, संगमनेर परिसरात अनेक मेंढ्या दगावल्या. अशा प्रसंगी भटकंतीवर असलेल्या मेंढपाळांना घटनास्थळीच पंचनामा व पशुवैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. कळप पुढे गेल्यावर हानी सिद्ध करणे कठीण होते. शिवाय लहान दुधाळ जनावरांची मदत ३० जनावरांपुरती मर्यादित असल्याने शंभर मेंढ्या गमावलेल्या मेंढपाळालाही वरील दराने १,२०,००० रुपयेच मिळतात.