प्लास्टिकचं पान आणि गॅलरीतलं ऊन

दिवाणखान्यात सोफ्यामागच्या कोपऱ्यात ठेवलेलं झाड का टिकत नाही, हे आपल्या डोळ्यांना कळत नाही. भर दुपारच्या उन्हात सुमारे 1 लाख लक्स प्रकाश असतो. खिडकीपासून आठ-दहा फूट आत गेलं की बहुतेक फ्लॅटांमध्ये त्यातला शे-दोनशे लक्स उरतो. बाहुली मोठी होते, दृष्टिपटल जुळवून घेतं आणि आपल्याला खोली चांगली उजेडाची वाटते. झाडाला अशी सोय नाही. श्वसनात जेवढी साखर जळते तेवढी तरी त्याला रोज प्रकाशापासून बनवावी लागते. ती बनली नाही की ते साठ्यावर जगतं आणि एकेक पान टाकत जातं. मग घरात कुणीतरी म्हणतं, ‘आपल्या हाताला झाडं लागत नाहीत.’ हाताचा यात काही दोष नसतो.

अशा कोपऱ्यात कुणी प्लास्टिकचं झाड ठेवलं तर नाक मुरडायचं कारण नाही. ‘एकदा आणलं की बघायला नको’ हे मात्र खरं नाही.

या झाडांची पानं बहुधा पॉलिथिनची किंवा पॉलिस्टर कापडाची असतात. वितळलेलं पॉलिथिन दोन भागांच्या साच्यात दाबून भरतात. साचा उघडला की वस्तू न अडकता बाहेर यायला हवी, म्हणून पानांचा झुबका सपाट घडवतात आणि दांडीवर एकावर एक खोचतात. स्वस्तातल्या झाडांची पानं त्यामुळे अनेकदा समोरासमोर, जोडीवर जोडी काटकोनात अशी येतात. निसर्गात तुळशीची पानं अशीच असतात, तेव्हा प्लास्टिकची तुळस निदान या बाबतीत पास. रबराच्या झाडाची पानं मात्र दांडीभोवती एकेक करून फिरत वर चढतात. त्याच्या नकलेत तुळशीची रचना दिसली की ओळखावं, हे झाड साच्यातून आलंय.

डोळा फसतो, पण कॅमेरा फसेलच असं नाही. खऱ्या पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं. त्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या मोठ्या प्रमाणात परत फेकतात. दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि रणगाडे हिरव्या रंगाखाली लपवले जात, तेव्हा कोडॅकने अवरक्त प्रकाश टिपणारी खास फिल्म बनवली. तिच्यात जिवंत झाडी लालभडक उमटे आणि त्या काळचा हिरवा रंग वेगळा पडे. भारताचा आयआरएस-1ए हा उपग्रह 1988 मध्ये सोडला, त्याच्या कॅमेऱ्यांतही हा पट्टा होता. पिकं किती तरारली आहेत हे आजही याच फरकावरून आकाशातून वाचतात. लष्करी जाळ्यांचे रंग आता अवरक्तातही झाडीसारखे दिसतील असे बनवतात. पाहुण्यांसाठी एवढा खटाटोप कोण करणार!

आता धूळ. प्लास्टिक विजेचं दुर्वाहक असल्यामुळे घासल्यावर त्यावर साचलेला विद्युतभार निचरून जात नाही आणि तो धूलिकण ओढून घेतो. कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे पुन्हा घासणंच. ताज्या पानात पाणी असतं, त्यातून भार कुंडीतल्या ओल्या मातीकडे निघून जातो. शिवाय काही पानं स्वतःला धुऊन घेतात. अळवावरचं पाणी टिकत नाही ते पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म उंचवट्यांमुळे आणि त्यांवरच्या मेणामुळे. थेंब घरंगळताना धूळही घेऊन जातो. बॉन विद्यापीठातल्या विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी 1997 मध्ये कमळाच्या पानांवर हे दाखवून दिलं. घरात पाऊस पडत नाही, त्यामुळे खऱ्या झाडालाही पुसावं लागतं, हे कबूल. पण स्वयंपाकघराजवळच्या प्लास्टिक वेलीवर फोडणीच्या तेलाचा थर आणि त्यावर धूळ बसली की कोरडं फडकं काही कामाचं नाही. साबणाच्या पाण्यात बुडवून काढावी. कापडी पानं डिंकाने चिकटवलेली असतात, ती भिजवू नयेत.

सगळ्यात मोठा शत्रू ऊन. हिरवा रंग पुष्कळदा निळं आणि पिवळं मिसळून साधतात. त्यातलं पिवळं आधी उडालं तर पान निळसर दिसू लागतं. गॅलरीतल्या जुन्या प्लास्टिक वेलींचा तो आजारी रंग बहुधा यातूनच येतो. पुढचं नुकसान खोल असतं. शुद्ध पॉलिथिन सूर्याचे अतिनील किरण फारसे शोषत नाही, पण घडवताना त्यात राहिलेली अशुद्धी ते शोषते. त्यातून हवेतल्या ऑक्सिजनशी साखळी प्रक्रिया सुरू होते आणि लांबलचक रेणू तुटत जातात. मग पान हाताला कडक लागतं, वाकवलं की तडकतं आणि त्याचा चुरा थेट सूक्ष्म प्लास्टिक होऊन गटारात जातो. त्याच पॉलिथिनची ठिबकची नळी शेतात वर्षानुवर्षं उन्हात पडलेली असते, ती कशी टिकते? तिच्यात दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते. काजळी अतिनील किरण गिळते, म्हणून ती नळी काळी. पान काळं करून चालणार नाही, त्यामुळे वेगळं स्थिरक रसायन घालावं लागतं. ते घातलंय का, हे दुकानात जरूर विचारा. खिडकीच्या काचेवर विसंबू नका. अतिनीलातले लांब लहरींचे बरेचसे किरण ती आत सोडते.

‘पण खरं झाड हवा शुद्ध करतं’ हा आक्षेप येतोच. त्याचं मूळ 1989 च्या नासाच्या अहवालात आहे. बिल वुल्व्हर्टन यांचे ते प्रयोग बंद पेटीत झाले होते. ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी 2019 मध्ये अशा प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. घरातली हवा एरवीही खेळती असते आणि तेवढ्यानेच हानिकारक वायू बाहेर जातात. त्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यांना दिसलं. एवढी झाडं ठेवली तर माणसांना बसायला जागा कुठे? तेव्हा या एका मुद्द्यावर दोन-चार कुंड्या आणि प्लास्टिक यांच्यात फारसा फरक नाही.

गणपतीच्या मखरात मात्र मी हे काही लावणार नाही. पॉलिथिन साधारण 110 अंश सेल्सिअसला वितळतं आणि पेटलं की त्याचे जळते थेंब खाली टपकतात. समई-निरांजनाशेजारी ते नकोच, आंब्याचे डहाळे बरे. आणि टाकायची वेळ आली की भंगारवाला हे झाड सहसा घेत नाही. पानं पॉलिथिनची, दांडीत लोखंडी तार, बुडाशी सिमेंटचा गोळा. तार सोडवून दिली तर तेवढी तो नेईल.