जुन्या कानशीची वाकडी सुरी

झिजलेली कानस आपण भंगारात टाकतो. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या मिकमॅक या आदिवासी समाजाच्या कारागिराला नेमकी तीच हवी असे. कानस नाही मिळाली तर जुना वस्तराही चाले. कानस निखाऱ्यात लाल करून सावकाश निवू दिली की पोलाद मऊ पडतं. मग दाते घासून काढायचे, टोक वर वळवायचं, पाणी पाजायचं आणि धार लावायची, तीही एकाच बाजूने. पात्याचं शेपूट काटकोनात वाकवून मुठीच्या खाचेतल्या भोकात बसवलं, वरून तार किंवा कातड्याची वादी घट्ट गुंडाळली, की झाली वाकडी सुरी.

युरोपीय लोखंड येण्याआधी ईशान्य अमेरिकेत लाकूड तासायला बीव्हर या कुरतडणाऱ्या प्राण्याचे पटाशीसारखे दात वापरत.

ही सुरी तळवा वर करून धरतात आणि आपल्याकडे ओढतात. मूठ पुढे बाहेरच्या अंगाला वळलेली असते. त्या वळणावर आंगठा टेकवला की सगळा जोर तिथे येतो. दुसरा हात लाकूड धरायला मोकळा, त्यामुळे ना सुताराचा बाक लागतो ना व्हाइस. भूर्जाच्या सालीच्या होडीच्या फासळ्या, बर्फात चालायच्या जाळीदार बुटांच्या चौकटी, कुऱ्हाडीचे दांडे, सगळं मांडीवर तासून व्हायचं. डावखुऱ्याची सुरी मात्र वेगळी घडवावी लागते.

मुठींवर बदाम, आद्याक्षरं, कधी जनावराचं डोकं कोरलेलं दिसतं. संग्राहक त्यावरच भाळतात. माझी नजर मात्र आंगठ्याच्या जागी पडलेल्या गुळगुळीत खळीवर जाते. मालक किती राबला ते तिथे कळतं.

कॅनडातली व्यापारी हडसन्स बे कंपनी पुढे तयार पातीही विकू लागली, पण मूठ ज्याची त्यानेच करायची. नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या डार्टमथच्या स्टार कंपनीने 'मिकमॅक' नावाने हॉकीच्या काठ्या विकल्या, त्यामागेही मिकमॅक लोकांचंच लाकूडकाम होतं.

आज पोलादाची वानवा नाही. अडचण लाकडाची आहे. मिकमॅक टोपल्या काळ्या ॲश झाडाच्या. त्याचा ओंडका ठोकत गेलं की वर्षावर्षाचा थर पट्टीसारखा सुटतो आणि ती पट्टी या सुरीने साफ करतात. ॲशची झाडं पोखरून मारणारा आशियाई हिरवा भुंगा २०१८ साली नोव्हा स्कोशियात, हॅलिफॅक्सजवळच्या बेडफर्डमध्ये सापडला. काळा ॲश तिथे त्याआधीच दुर्मीळ झाला होता.