तिसऱ्या घंटेआधी

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ पासून एक नवा इशारा दिसू लागला. चालू प्रोग्रॅमला मागाहून एखादं निरीक्षक साधन, म्हणजे एजंट, जोडलं की व्हर्च्युअल मशीन तसं छापून सांगते. संशय रास्त आहे, कारण एजंट नुसता बघत नाही, चालता कोड बदलूही शकतो. पण त्याहून रंजक प्रश्न असा, की वेळेत आलेल्या एजंटला तरी काय काय दिसतं?

आपल्या प्रोग्रॅमच्या ‘मेन’ची पहिली ओळ चालण्याआधीच ऑब्जेक्ट, स्ट्रिंग, थ्रेड असे शेकडो क्लास उभे राहिलेले असतात. हा सगळा क्रम नाटकाच्या तीन घंटांसारखा आहे. पहिलीला एजंट लोड होतो. मशीन अजून उभी नसते, पण कोणत्या घटनांची खबर हवी ते नोंदवता येतं, आणि काही अधिकार तर तेव्हाच मागावे लागतात. दुसरीनंतर जावाशी बोलता येतं, तरी मांडामांड चालूच असते. तिसरीनंतर सगळं खुलं. दुसरी होईपर्यंतच्या अंधारात बहुतेक खबरी दिल्याच जात नाहीत, कारण ज्या थ्रेडवर घटना घडली तो दाखवणारा ऑब्जेक्टच कदाचित जन्मलेला नसतो.

म्हणून हॉटस्पॉट ही जावाची व्हर्च्युअल मशीन एजंटची मागणी आणि खबर द्यायची की नाही हे ठरवणारा प्रत्यक्ष फ्लॅग वेगळे ठेवते. मागणी आहे आणि टप्पाही आला आहे, तरच फ्लॅग चढतो. प्रत्येक घंटेला हिशेब नव्याने होतो. फ्लॅग उतरलेला असेल तर खबर तयार करण्याची तसदीही घेतली जात नाही. किती काटकसरी, किती देखणी रचना!

मात्र वेगासाठी पिळून काढलेल्या कोडमध्ये एजंटला अचानक ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबा, लावायचा असेल तर? तिथे मूळ फंक्शन एकमेकांत विरघळून गेलेली असतात. याचं उत्तर उर्स हॉल्झ्ले, क्रेग चेंबर्स आणि डेव्हिड उंगर यांनी १९९२ मध्येच ‘सेल्फ’ या भाषेसाठी दिलं होतं : वेगवान कोड गरज पडताच साध्या रूपात परत उलगडायचा. जावा म्हटलं की तिचे जनक जेम्स गॉस्लिंग यांचं नाव निघतं, या तिघांचं क्वचितच, आणि हे मला खटकतं. सेल्फवर काम केलेले लार्स बाक पुढे हॉटस्पॉटच्या बांधणीत होते, आणि २००८ साली क्रोमसोबत आलेलं व्ही८ इंजिनही त्यांच्याच नेतृत्वाखाली घडलं.