पालावरचा सलोखा

२०२५च्या फेब्रुवारीत मढीच्या ग्रामसभेने ठराव केला, की कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान दुकानदारांना पाल मांडू द्यायचं नाही. कारण असं सांगितलं, की यात्रेआधी गावकरी महिनाभर बंधनं पाळतात, घरात तळण नाही, लग्नकार्य नाही, पलंगावर निजणं नाही, आणि हे लोक ती पाळत नाहीत. पुढे प्रशासनाने तो ठराव रद्द केला. पण कागदावरून गेलेलं मनातून जातंच असं नाही. त्याच वर्षी ६ जुलैला आषाढी एकादशी आणि मोहरम एका दिवशी आले, आणि माझ्या फोनवर दिवसभर सलोख्याच्या शुभेच्छा आदळत राहिल्या. एका बाजूला विठ्ठल, दुसऱ्या बाजूला चांद, मध्ये कुणातरी नगरसेवकाचा हसरा चेहरा. मढीत ज्याचं पाल उठवायला निघाले होते, त्याला यातली एकही शुभेच्छा गेली नसावी.

हा योग काही आकाशातून पडलेला चमत्कार नाही. हिजरी साल दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं, आपण अधिक महिना घालून उन्हाळ्या-पावसाळ्याशी जमवून घेतो. त्यामुळे आषाढ आणि मोहरम साधारण तेहतीस वर्षांनी जोडीला येतात आणि दोन-तीन सालं सोबत चालतात. २०२४ आणि २०२५ला आले, त्याआधी १९९१ ते १९९३. सलोख्याचा मागोवा घ्यायचाच तर मला तेच दशक आठवतं.

आधीची वर्षं उरकून टाकतो. १९७० आणि १९८४, दोन्ही वेळा भिवंडी जळली, आणि दोन्ही वेळा शांतता फेऱ्या निघाल्या, कबुतरं सोडली गेली. ऐंशीच्या दशकात कल्याणजवळच्या मलंगगडावर बाबा हिंदूंचा की मुसलमानांचा हे ठरवायला मोर्चे चढू लागले. तिथली वहिवाट पिढ्यान् पिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आहे, ही गोष्ट भाषणांत कुणी फारशी काढत नसे. अडचणीची होती.

जुलै १९९२मध्ये पालख्या पंढरपुरात पोचल्या, त्याच आठवड्यात गावोगावी ताबूत थंडे झाले. पाच महिन्यांनी बाबरी पडली आणि मुंबई पेटली. डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींत सुमारे ९०० माणसं मेली. पण दोनदा होरपळलेली भिवंडी त्या वेळी शांत राहिली. सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने तिथे आधीपासून मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. समितीत महंत-मौलाना हवेत असा हट्ट नव्हता. ज्यांना उद्या सकाळी पुन्हा त्याच गल्लीत एकमेकांची तोंडं बघायची होती, अशी माणसं त्यात होती.

१९९३च्या वारीला मी तुकोबांच्या पालखीबरोबर देहूहून निघालो. देहू सोडताना पालखी अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी विसावते, तिथे आरती होते. यंदा थांबणार का, हा प्रश्न शहरातून आलेल्या आम्हा पत्रकारांना पडला होता. वारकऱ्यांना पडला नव्हता. पालखी थांबली, आरती झाली, पालखी निघाली. मी तेवढंच लिहून पाठवलं, तर ज्या दैनिकासाठी लिहीत होतो तिथून निरोप आला, की वारकरी आणि मौलवी गळाभेट घेताहेत असा फोटो पाठवा. गळाभेट कुणी घेतच नव्हतं. माणसं घाईत होती, पुढचा मुक्काम गाठायचा होता. फोटो नाही म्हणून बातमी आतल्या पानावर गेली. त्या काळातल्या पुरोगामी सभांनाही असाच एखादा नमुना लागायचा. बारामतीजवळच्या माळेगावच्या जैतुनबी दिंडी घेऊन पंढरीला चालायच्या, कीर्तन करायच्या. वारकरी त्यांना जयदास महाराज म्हणून ओळखत. आमच्या परिसंवादांत मात्र त्यांचं कीर्तन कसं होतं हे कुणी विचारलं नाही. त्या मुसलमान आहेत, एवढ्यावरच टाळ्या पडायच्या.

मला खरा सलोखा दिसला तो मढीच्या बाजारात. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत भरणारी ही यात्रा म्हणजे भटक्यांची पंढरी. गोपाळ समाजाची मानाची होळी, कळसाला भिडवायच्या उंच काठ्या, रेवड्यांचे ढीग, गाढवांचा बाजार. समाधी कुणाला कानिफनाथांची, कुणाला शाह रमजान माही सवार यांची. रंगपंचमीच्या दिवशी एका मन्याराच्या पालापाशी मी बसलो होतो. समोर कैकाडी बाई हात पुढे करून बसलेली. त्याने अंगठ्याखालचं हाड दाबलं, पंजा अरुंद केला आणि हिरव्या काचा एकेक करून वर चढवल्या. एकही पिचली नाही. बाईने बांगड्या भरलेल्या हाताने त्याला नमस्कार केला आणि मग म्हणाली, "मामू, यंदा गाढव खपलं न्हाई. निम्मं घे." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे मावशी, फुडल्या रंगपंचमीला दे. नाथबाबा कुठं पळून चाललाय?" वही नाही, सही नाही. तिचं गाव त्याला माहीत नव्हतं, त्याचं तिला. वर्षभराची उधारी त्या यात्रेच्या भरवशावर चालायची.

नंतरची वर्षं मला कंटाळवाणी वाटतात, कारण ती सारखीच आहेत. २००९ला मिरजेत गणेशोत्सवातल्या कमानीवरून दंगल झाली. मग फ्लेक्स आले, मिरवणुकीला डीजे आला. गावच्या जत्रेत बकरं कापायला मुलाण्याला बोलावणं कमी झालं, बुक्का-कुंकू विकणाऱ्या अत्ताराचं दुकान प्लास्टिकच्या पाकिटांनी खाल्लं. सगळ्याला द्वेष कारणीभूत नव्हता, थोडी बाजाराची रीतही होती. द्वेषाने उरलेलं साफ केलं. २०२५ला श्रीगोंद्यात शेख महंमदांच्या समाधीवरून मंदिर की दर्गा असा वाद पेटला. योगसंग्राम लिहिणारा, वारकऱ्यांनी डोक्यावर घेतलेला संत, आणि त्याच्या दारात मालकी हक्काची भांडणं.

मढीच्या ठरावाने मला जे टोचलं ते हे. ठराव करणाऱ्यांना आमच्यापेक्षा यात्रा नीट कळली होती. आम्ही तीस वर्षं व्यासपीठं उभारत बसलो, त्यांनी थेट पालाला हात घातला. दर्शनबंदीचा ठराव केला असता तर गावातच कुणीतरी हरकत घेतली असती. धंदाबंदी साधी वाटते, नियमासारखी दिसते. पण पाल उठलं की नमस्कार उठतो, उधारी उठते, पुढच्या रंगपंचमीला यायचं कारण उठतं.

आषाढ-मोहरमचा पुढचा योग आता २०५७च्या आसपास. त्या वेळी शुभेच्छा कशावर येतील कोण जाणे, आणि मी त्या वाचायला नसेन. मढीची यात्रा मात्र दर फाल्गुनात भरते. यापुढे कुणी मला सर्वधर्म परिषदेला बोलावलं, तर मी भाषणाआधी यात्रेचं पावतीपुस्तक मागणार आहे. जागेच्या पावत्या कुणाकुणाच्या नावाने फाटल्या, एवढं बघितलं की शांततेचं बाकीचं भाषण ऐकायची गरज उरत नाही.