लिहून घेणारे हात

रमजानच्या रात्री मशिदीत तरावीहच्या नमाजात कुरआन ऐकले जाते. हाफिज तोंडपाठ म्हणतो, मागे उभे असलेले शांतपणे ऐकतात. एवढा मोठा ग्रंथ पाठ कसा होतो, असे माझे हिंदू मित्र मला दरवर्षी विचारतात. मला मात्र दुसराच प्रश्न जास्त मोलाचा वाटतो : तो कागदावर आला कसा?

प्रेषित मुहंमद (स.) 'उम्मी' होते, म्हणजे लिहिणे-वाचणे शिकलेले नव्हते, अशी परंपरेची साक्ष आहे. आणि हिरा गुहेत त्यांच्यावर उतरलेला पहिला शब्द आहे 'इक्रा', वाच! त्याच आरंभीच्या आयतींत कलमाचाही उल्लेख येतो. लिहिण्याचे काम सोबत्यांनी केले. जैद बिन साबित हे त्यांतले ठळक नाव. खजुराच्या झावळीचे देठ, कातडी, पातळ दगड, जनावरांची रुंद हाडे, जे हाताला लागेल त्यावर लिहिले गेले. प्रेषितांच्या निधनानंतर यमामाच्या लढाईत अनेक हाफिज मारले गेले, तेव्हा हजरत उमर यांच्या आग्रहावरून खलिफा हजरत अबू बक्र यांनी हे सारे एकत्र करण्याची जबाबदारी याच जैद यांच्यावर सोपवली.

लेखनाने समाज बदलतो असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे लेखक येतो. दुसऱ्याचे बोल लिहून घेणारा येत नाही. खान्देशात राहणाऱ्यांनी तरी त्याला विसरू नये.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे राजकैदी होते. 21 फेब्रुवारीला, रविवारी, त्यांनी सोबतच्या कैद्यांपुढे गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केले. मग दर रविवारी एक अध्याय, असे 19 जूनपर्यंत अठरा रविवार. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाज होते, आप्पासाहेब पटवर्धन होते आणि अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरलेले पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी होते. बाकीच्यांनी ऐकले, गुरुजींनी ऐकता ऐकता लिहून घेतले. त्या लिखाणातूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक उभे राहिले. पुढे ते देशातल्या अनेक भाषांत गेले आणि 1951 नंतर भूदानाच्या पदयात्रेत गावोगाव पोचले. पुस्तकामुळे जमिनी मिळाल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. दान मिळालेली बरीच जमीन कागदावरच राहिली, हेही खरेच. पण धुळ्याच्या बराकीत तेव्हा कोणी लेखणी उचलली नसती, तर ते अठरा रविवार तिथल्या भिंतींतच विरून गेले असते.

याच विनोबांनी पुढे अरबी शिकून कुरआनाचा अभ्यास केला आणि निवडक आयतींचे 'कुराण-सार' सिद्ध केले. साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' या नावाने प्रेषितांचे चरित्र मराठीत लिहिले. 'श्यामची आई' घराघरांत आहे आणि असायलाच हवी. हे दुसरे पुस्तक मात्र मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिले होते. त्यात मुसलमानही आले बरे का! शेजाऱ्याने आपल्याविषयी प्रेमाने काय लिहिले, ते वाचण्याची सवय आम्हालाही लागायची आहे.

गुरुजींची लेखणीवर श्रद्धा होती, पण भाबडी नव्हती. अमळनेरहून त्यांनी 'काँग्रेस' साप्ताहिक चालवले, शेतकरी-कामगारांची बाजू मांडली. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून मात्र लिहिणे पुरेसे नाही, हे ओळखून ते महाराष्ट्रभर फिरले आणि मे 1947 मध्ये दहा दिवस उपोषणाला बसले. दार उघडले ते त्यानंतर.

आता जळगावकडे या. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. तिसाव्या वर्षी वैधव्य आले. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गात राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या आणखी एका नातलगाने गाणी वहीत उतरवून घेतली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या, ती वही आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापली गेली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिचे नाव हजारो पदवी-प्रमाणपत्रांवर छापले जाते! वहीत न उतरलेली गाणी मात्र त्यांच्याबरोबरच गेली.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत कशाविषयी आहे, हे मी वर्गात विचारतो. मुले नमाज म्हणतात, जन्नत म्हणतात. ती आहे उधारीविषयी, सूरह बकराची 282 वी. मुदतीचे देणे-घेणे झाले की लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, लिहिता येणाऱ्याने लिहून द्यायला नकार देऊ नये, मजकूर देणेकऱ्याने सांगावा आणि तो दुबळा असेल तर त्याच्या वलीने, असा तिचा आशय आहे. म्हणजे लिहिता येणे ही मिरवण्याची गोष्ट नाही. ते दुसऱ्याचे देणे आहे.

हा धागा घरापर्यंत नेला की अवघड होतो. निकाहनामा हाही लिखित करारच. यंदा मी विद्यार्थ्यांना सांगितले, आईचा निकाहनामा मागा, तिच्यापुढे बसून वाचा आणि ती काय म्हणते ते लिहून आणा. काही घरांत तो सापडलाच नाही. काही आयांनी तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मेहर किती, हे त्यांना ठाऊकच नव्हते. कुठे 786 रुपये लिहिलेले निघाले, कुठे रक्कम होती पण दिली की नाही याचा पत्ता नव्हता. एका मुलीने शेवटी एवढेच लिहिले आहे की, माझ्या निकाहात तो कागद आधी मी वाचणार. मोठमोठ्या ठरावांपेक्षा मला हे वाक्य वजनदार वाटते.

लिहिलेल्या शब्दाची दुसरी बाजूही आपल्याला माहीत आहे. 2008 आणि 2013 मध्ये धुळ्याने दंगल पाहिली, माणसे गमावली. आज तर भडक मजकूर क्षणात हजार मोबाइलवर जातो आणि तो कोणी लिहिला हे कुणालाच ठाऊक नसते. पुढे ढकलणारा म्हणतो, मी कुठे लिहिले? जैद यांना एकेक आयत लिहिलेली दाखवणारा आणि ऐकलेला साक्षीदार शोधावा लागला होता. आपल्याला अंगठा दाबण्याआधी एक फोन करणेही जड जाते.

विद्यार्थ्यांच्या वह्या आता येऊ लागल्या आहेत. आईच्या जागी आजीचे बोल आणलेत अनेकांनी. "सर, आजी अर्धं उर्दू आणि अर्धं अहिराणी बोलते, कोणत्या भाषेत लिहू?" असे एकाने विचारले. ती बोलते तसेच लिही, म्हटले. त्याची वही देवनागरीत आहे, एकाच वाक्यात दोन्ही भाषा आहेत आणि वाचताना कुठेही अडत नाही. काही वह्या ईदच्या सुट्टीनंतर येतील. एकीने निरोप पाठवला आहे, दादी अस्रनंतरच सांगते आणि सांगता सांगता गप्प होते, चार दिवस जास्त हवेत.