आधी सॉकेट, मग स्कूटर

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची ठरली की माणूस थेट शोरूम गाठतो. खरं तर आधी जायला हवं आपल्याच इमारतीच्या मीटररूममध्ये. रात्री गाडी जिथे उभी राहणार तिथपर्यंत वीज कशी पोचणार, हे पक्कं झाल्याशिवाय रेंज, रंग आणि डिकीवर चर्चा करण्यात अर्थ नाही. एक कोथरूडकर धरू. ऑफिस हिंजवडीत, जाऊन-येऊन 40 किलोमीटरच्या आसपास, त्यातला बराच रस्ता बायपासचा, आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

घरच्या चार्जरला साधारण 700 ते 1,000 वॅट वीज लागते, म्हणजे इस्त्रीएवढीच. पण इस्त्री अर्ध्या तासात बंद होते, चार्जर चार-पाच तास सलग चालतो. सॉकेटमधली पट्टी सैल असेल तर एवढ्या वेळात ती तापते, प्लग पिवळा पडतो, मग वितळतो. म्हणून सॉकेट 16 अँपियरचं हवं, त्याला स्वतंत्र एमसीबी हवा आणि अर्थिंग हवंच. पार्किंगमधल्या जुन्या बोर्डांत तीन भोकं असतात, पण अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनला टेस्ट लॅम्प घेऊन बोलवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा जितका लख्ख पेटतो, तितकाच फेज आणि अर्थिंगमध्ये पेटला तर ठीक. मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर आधी ते काम करून घ्या. पुढे चार्जिंग सुरू केलं की पहिल्या काही दिवसांत अर्ध्या तासाने प्लगच्या प्लास्टिकला हात लावून बघायचा. कोमट चालेल; चटका बसला तर सॉकेट बदला.

सोसायटीत सरळ मार्ग म्हणजे आपल्याच फ्लॅटच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वेगळी केबल ओढणं. बिल आपल्याच नावावर आणि घरगुती दराने येतं, त्यामुळे ‘कॉमन लाइटवर चार्ज करतो’ ही कुरकुर उरत नाही. समितीला केबलचा मार्ग आणि एमसीबीची जागा दाखवून लेखी अर्ज द्या. तोंडी परवानगी पुढच्या समितीला आठवत नाही. केबल शक्यच नसेल तर काढून वर नेता येणाऱ्या बॅटरीची स्कूटर बघावी. हीरोच्या विडामध्ये ती सोय आहे. मात्र असा एकेक डबा दहा किलोच्या आसपास भरतो. इमारतीला लिफ्ट नसेल आणि तुम्ही चौथ्या मजल्यावर राहत असाल, तर हा उत्साह आठवडाभर टिकतो.

आता रेंज. जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, तो वेगळ्या परिस्थितीतला असतो. वाहनं तपासणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांत (वेताळ टेकडीवरची एआरएआय त्यातलीच) स्कूटर रोलरवर ठराविक चक्रात चालवतात. इंडियन ड्रायव्हिंग सायकल नावाच्या या चक्रात सरासरी वेग ताशी 22 किलोमीटरच्या आसपास असतो आणि कमाल वेग 42. बायपासवर 42 ने कोण जातं? वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 40 वरून 60 वर गेलात तर तो सव्वादोन पटींनी वाढतो आणि त्याची किंमत बॅटरी मोजते. म्हणून दाव्याच्या दोन-तृतीयांश ते पाऊण एवढीच रेंज मनात धरावी.

त्याहून बरं म्हणजे रेंज बाजूला ठेवून बॅटरीची क्षमता बघणं. ती किलोवॅट-तासात देतात, आणि एक किलोवॅट-तास म्हणजेच आपल्या वीजबिलातलं एक युनिट. शहर आणि बायपास मिळून किलोमीटरला 35 वॅट-तास खर्च धरू. आपल्या कोथरूडकराचे 40 किलोमीटर, वर संध्याकाळचा बाजार आणि क्लासचे 10, म्हणजे 50. झाले 1,750 वॅट-तास. बॅटरी रोज तळापर्यंत उतरवायची नाही, म्हणून 20 टक्के शिल्लक ठेवायची. गरज गेली 2,200 च्या जवळ. आणि काही वर्षांनी बॅटरी तीन-चतुर्थांश क्षमतेवर येईल तेव्हाही हेच जमायला हवं. म्हणजे 2,900, सरळ भाषेत 3 किलोवॅट-तासांची बॅटरी. दुकानदार याच्या पुढची मोठी बॅटरी गळ्यात मारू लागला तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. जास्तीची बॅटरी म्हणजे जास्तीची किंमत आणि जास्तीचं वजन, आणि तुमचा रस्ता आहे तेवढाच राहणार.

चढाची भीती लोकांना उगाच वाटते. स्कूटर, चालवणारा आणि मागे बसलेला मिळून 250 किलो धरा. 100 मीटर उंच चढायला त्यांना साधारण 70 वॅट-तास लागतात, वाटेतली गळती धरून 80. म्हणजे सपाट रस्त्यावरच्या सव्वादोन-अडीच किलोमीटरांइतका खर्च. चांदणी चौकाच्या चढाने बॅटरी संपत नाही. कमकुवत मोटर मात्र डबलसीट चढावर दम टाकते, त्यामुळे चढ ही तपासायची गोष्ट आहे ती ताकदीसाठी.

बॅटरीच्या आत काय आहे, हेही विचारा. एनएमसी प्रकारच्या बॅटऱ्या हलक्या, एलएफपी जड, पण जास्त चार्जिंग झेलणाऱ्या आणि उष्णतेला कमी भडकणाऱ्या. 2022 च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या, त्यानंतर सरकारने एआयएस-156 हे बॅटरीचं मानक कडक केलं. ते डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झालं. सेकंडहँड घेणाऱ्याने उत्पादनाची तारीख म्हणूनच बघावी. त्याआधीची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही. वॉरंटीत वर्षं किती यापेक्षा, क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून देणार, हे वाक्य कागदावर शोधा. ते नसेल तर ‘आठ वर्षं वॉरंटी’ला फारसा अर्थ नाही.

पावसाचं म्हणाल तर बॅटरीला आयपी67 दर्जा असतो. म्हणजे चाचणीत ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकली. चौकात साचलेल्या पाण्यातून जायला हरकत नाही. चार्जिंगचं सॉकेट मात्र उघड्यावर, पागोळ्यांखाली नको. आणि मोटर मागच्या चाकातच असेल तर पंक्चरसाठी ते चाक काढणं कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला जमेल का, ते आधीच विचारून ठेवा.

पैशांचं गणित सोपं आहे. चार्जरमधली गळती धरून किलोमीटरला 0.04 युनिट, युनिटला 10-12 रुपये, म्हणजे 40 ते 50 पैसे. लिटरला 45 देणारी पेट्रोल स्कूटर शंभरीपार पेट्रोलवर सव्वादोन रुपयांच्या वर जाते. महिन्याला हजार किलोमीटर झाले तर 40 युनिटं वाढतात. त्यामुळे तुमचं बिल 100 किंवा 300 युनिटांचा टप्पा ओलांडतं का, एवढं पाहा. सरकारी अनुदान वरचेवर बदलत आलंय, तेव्हा त्या भरवशावर बजेट आखू नका. ऑन-रोड किमतीत चार्जर धरलाय का आणि कोणत्या सुविधांना पुढे वेगळे पैसे पडतात, हे लिहून घ्या. मोठ्या टचस्क्रीनवर भाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हात अर्ध्या स्क्रीन दिसतही नाहीत.

‘लायसन्स नको, पासिंग नको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या वेगळ्या. नियमाने त्यांची मोटर 250 वॅटपर्यंत आणि वेग ताशी 25 पर्यंतच हवा. गल्लीतल्या किराण्याला ठीक, हिंजवडीला नाही. आणि अशीच गाडी ‘पुढे स्पीड वाढवून देतो’ म्हणून कोणी दिली, तर ती कायद्याने बिनानोंदणीची मोटारसायकल झाली. अपघातात विम्याचं काय होईल, याचा विचार करा.

टेस्ट राइडला घरातलं माणूस मागे बसवून जा. शोरूमभोवतीच्या चकरेवर समाधान मानू नका, रोजच्याच रस्त्याचा तुकडा मागा, त्यात एक चढ आणि एक स्पीडब्रेकरांची रांग असू द्या. निघताना स्क्रीनवरचा ट्रिपचा आकडा शून्यावर आणा. परत आल्यावर बऱ्याच गाड्यांवर किलोमीटरला किती वॅट-तास लागले ते दिसतं. तो आकडा टिपून घ्या आणि वरच्या हिशेबात 35 च्या जागी घाला.