निर्वासितांचा संघ

परागंदा होऊन आलेल्या माणसाला प्रथम अन्न, वस्त्र आणि निवारा हवा असतो, हे उघडच आहे. पण तेवढ्याने तो नव्या गावाचा होत नाही. युरोपातील कित्येक शहरांत आज स्थानिक फुटबॉल संघ आश्रयार्थींना आपल्यात खेळायला बोलावतात, ते याच जाणिवेने. हा प्रयोग नवा वाटतो खरा; पण खेळाचे हे सामर्थ्य कलकत्त्याने फाळणीनंतर, कोणतीही योजना न आखता, अनुभवले आहे.

ईस्ट बेंगाल संघाची स्थापना १९२० सालची. पूर्व बंगालमधील एका खेळाडूला सामन्यातून वगळले गेले, त्या वादातून तो जन्मला. १९४७ नंतर त्या प्रांतातून निर्वासितांचे लोंढे येऊ लागले. सियालदह स्थानकाचे फलाट कुटुंबांनी भरून गेले. जादवपूरकडे, युद्धकाळातील ओस पडलेल्या सैनिकी बराकींत, वसाहती उभ्या राहिल्या. शहरातील जुने रहिवासी त्यांच्या बोलीची थट्टा करीत आणि ‘बांगाल’ हा शब्द हेटाळणीने उच्चारीत. तोच शब्द ताठ मानेने मिरवावा अशी एक जागा होती, ती म्हणजे मैदान. ईस्ट बेंगालने १९४९ पासून लागोपाठ तीन वर्षे आय. एफ. ए. शील्ड जिंकली, १९४९ साली तर मुंबईचा रोव्हर्स चषकही नेला. संघ जिंकला की बांगालांच्या घरी हिल्सा शिजे. मोहन बागान जिंकला की जुन्या कलकत्तेकरांकडे कोळंबी.

फुटबॉलने कोणाला जमिनीचा पट्टा मिळवून दिला नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यासाठी वसाहतींना पुढे कित्येक वर्षे झगडावे लागले.

आणि ज्यांच्यासाठी ही माणसे घसा कोरडा करीत, ते होते कोण? व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. आघाडीच्या या पाच खेळाडूंना लोक ‘पंचपांडव’ म्हणत. त्यांतला एकही बंगाली नव्हता. सारे दक्षिणेकडचे, आणि दोघे मुसलमान. धर्माच्या नावाने झालेल्या फाळणीत घरादाराला मुकलेला समाज अहमद खानच्या पायांतील चेंडूवर जीव टाकीत होता!

१९५५ साली पूर्व बंगाल प्रांताचे नाव पूर्व पाकिस्तान झाले, १९७१ साली बांगलादेश. जुने नाव नकाशावरून गेले. कलकत्त्याच्या मैदानावर मात्र, तो प्रांत कधी न पाहिलेली नातवंडे आजही त्याच नावाचा गजर करतात.